बालगायिका ते पार्श्वगायिका : लता मंगेशकरांची १९४२ ते १९४९ ही वर्षे

रसिका_श्रोती (प्रश्न)

लता मंगेशकर यांच्याविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात दोन चित्रे फार ठळकपणे रंगवलेली असतात. एक मास्टर दीनानाथांच्या घरातल्या आणि नाटक कंपनीतल्या त्या लहान मुलीचे, जी वडिलांच्या शिष्याची चूक दुरुस्त करते आणि ऐनवेळी नारदाची भूमिका करून वन्समोअर घेते. दुसरे १९४९ सालचे, ज्यात ‘महल’, ‘बरसात’ आणि ‘अंदाज’ एकाच वर्षी पडद्यावर येतात आणि विशीच्या उंबरठ्यावरची एक गायिका सगळ्या देशाला ठाऊक होते. मधली वर्षे मात्र ‘हलाखीचे दिवस’ या दोन शब्दांत उरकली जातात. वडिलांचे निधन, धाकट्या चार भावंडांची जबाबदारी, मग संगीतकार गुलाम हैदर यांची भेट आणि पुढे यशच यश, असा तो ठरलेला क्रम आहे.

माझी शंका अशी की रंगमंचावर कौतुकाने ऐकली जाणारी मुलगी आणि ध्वनिमुद्रणावर उपजीविका करणारी गायिका या दोघींना लागणारे कसब एकच असते का? नसेल, तर दुसरे कसब त्यांनी कुठे आणि कोणाकडून मिळवले? दैवी देणगी होती हे मला मान्य आहे, पण तेवढ्याच उत्तरावर कृपया थांबू नये, कारण देणगी १९४२ सालीही होतीच आणि तरीही पुढची सहा-सात वर्षे तिला कोणी फारसे विचारले नाही.

जुनी_तबकडी

प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम बालपणाविषयी. दीनानाथ बाहेर गेले असताना त्यांचा शिष्य पूरिया धनाश्री चुकीचा गाऊ लागला आणि लहानग्या लताने त्याला तो बरोबर गाऊन दाखवला, ही आठवण लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. तिच्यातला कौतुकाचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : मुलीला समोर बसवून कोणी शिकवण्याआधीच, घरात चाललेले दुसऱ्याचे शिक्षण ऐकून तिचा कान तयार झाला होता. १९३८ मध्ये सोलापूरला वडिलांबरोबर त्या जाहीर कार्यक्रमात गायल्या, तेव्हा त्यांनी खंबावती राग आणि नाट्यगीते सादर केली. खंबावती हा काही मुलांना प्राथमिक पाठात देतात असा राग नव्हे.

पण ज्या व्यवसायासाठी हे शिक्षण होते, तो व्यवसायच तेव्हा मावळत होता, आणि याचा विचार सहसा होत नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेली बलवंत संगीत मंडळी ही दीनानाथांची नाटक कंपनी. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आल्यानंतर नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक बोलपटांकडे वळला, आणि दीनानाथांनी स्वतः चित्रपटनिर्मितीत घातलेला पैसाही बुडाला. म्हणजे दीनानाथ आणखी वीस वर्षे जगले असते, तरी या मुलीला वडिलांसारखी रंगभूमीवरची कारकीर्द मिळाली असती असे मला वाटत नाही.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. त्याआधीच वसंत जोगळेकर दिग्दर्शित ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकरांच्या चालीवर लताबाईंनी एक गाणे गायले होते, परंतु ते चित्रपटात राहिले नाही. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ मध्ये छोटी भूमिका आणि दादा चांदेकरांच्या संगीतात ‘नटली चैत्राची नवलाई’ हे गाणे मिळाले. हे काम चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायक, म्हणजे मंगेशकर कुटुंबाचे स्नेही, यांच्यामुळे मिळाले होते, आणि पुढे त्यांच्याच प्रफुल्ल पिक्चर्स या चित्रसंस्थेत लताबाई कोल्हापुरात पगारी कलाकार म्हणून राहिल्या. नायिकेची बहीण किंवा कोणाची तरी मुलगी अशा किरकोळ भूमिका करायच्या आणि सांगितले तर गायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते. चेहऱ्याला रंग लावून दिव्यांच्या झोतात उभे राहणे त्यांना मनापासून आवडत नसे, हेही त्यांनी लपवलेले नाही.

१९४५ मध्ये कंपनी मुंबईत आली आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये विनायकराव वारले. माझ्या मते खरा बदल इथे आहे. बालकलाकार कोणाच्या तरी कंपनीचा असतो : आधी वडिलांची कंपनी, मग विनायकरावांची. काम कोणते करायचे ते कंपनी ठरवते आणि महिन्याचा पगारही तीच देते. विनायकराव गेल्यावर अठराव्या वर्षी लताबाईंना पहिल्यांदाच कोणाचीच कंपनी उरली नाही. आता एका गाण्याचे एक मानधन, आज या संगीतकाराकडे तर उद्या दुसऱ्याकडे, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा नव्याने स्वतःला सिद्ध करणे आले. युद्धानंतर पगारी कलावंत पदरी ठेवणाऱ्या मोठ्या चित्रसंस्था मोडकळीला येत होत्या आणि स्वतंत्र निर्माते वाढत होते, त्यामुळे ही नवी पद्धत तेव्हा सगळ्याच क्षेत्रात येत होती. दुर्दैवाने त्यांना त्या प्रवाहात ढकलले आणि त्या प्रवाहाचीच दिशा पुढे व्यवसायाची दिशा ठरली.

ध्वनिपट

वरील विवेचन मला पटते, तरी प्रश्नातला ‘कसब’ हा भाग त्यात राहून गेला आहे. मी काही काळ ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम केले असल्याने त्या बाजूने लिहितो.

नाटकातला गायक शेवटच्या रांगेसाठी गातो. दीनानाथांची गायकी तर आक्रमक, वीजेसारख्या तानांची. तिथे आवाजाची फेक हाच गुण होता. माईकसमोर तीच फेक दोष ठरते. चाळीसच्या दशकात चित्रपटाचे गाणे थेट फिल्मच्या ध्वनिपट्टीवर मुद्रित होत असे, वादक आणि गायक एकाच वेळी, एका किंवा फार तर दोन माईकवर. गाणे तुकड्या-तुकड्याने जोडण्याची आजची सोय नव्हती. तिसऱ्या अंतऱ्यात सारंगीवाला चुकला तरी गायिकेने पहिल्यापासून पुन्हा गायचे, आणि तेही पहिल्या खेपेइतकेच ताजे. चित्रीकरण आटोपल्यावर स्टुडिओ शांत झाला की रात्री ध्वनिमुद्रण करायचे, ही त्या काळातली नेहमीची पद्धत होती.

या कामाला तीन गोष्टी लागतात : न ऐकू येणारा श्वास, शब्दाची टोके साफ ठेवणारा उच्चार आणि माईकपासूनच्या अंतराचे भान. पहिल्या गोष्टीचे श्रेय लताबाई संगीतकार अनिल विश्वासांना देत असत. ओळ तुटू न देता श्वास कुठे आणि कसा चोरावा, हे त्यांनी शिकवले. उच्चारासाठी त्या मौलवींकडे उर्दू शिकल्या. दिलीपकुमारांनी मराठी गायकांच्या उर्दूविषयी काढलेला तिरकस शेरा त्याला निमित्त झाला, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहेच. गळ्याची शास्त्रीय बैठक पक्की व्हावी म्हणून मुंबईत आल्यावर भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे त्या शिकू लागल्या. भेंडीबाजारची गायकी सरगमची गुंतागुंत आणि मध्यलयीतली रेशमी सफाई यांसाठी ओळखली जाते, आणि ती दीनानाथांच्या गायकीपासून बरीच दूर आहे. जे पुढे ‘लताचा आवाज’ म्हणून ओळखले गेले त्यात घरच्या वारशाइतकाच या दुसऱ्या तालमीचा वाटा आहे, असे माझे मत आहे. मंगेशकर घराण्याच्या अभिमान्यांना ते रुचणार नाही.

अंतराच्या भानाचे उत्तम उदाहरण ‘महल’ मधले ‘आएगा आनेवाला’. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या या गाण्याच्या सुरुवातीच्या मुक्त ओळी दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा, म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात-गात माईकपर्यंत चालत आल्या. यंत्राने करायचा परिणाम गायिकेच्या पावलांनी साधला. सूर न हलवता, तालाच्या आधाराशिवाय, ठरलेल्या शब्दावर माईकपाशी पोहोचायचे : रंगमंचावर वावरलेल्या मुलीला चालता-चालता गाणे नवे नव्हते, आणि बालपणीची रंगभूमी इथे तरी उपयोगी पडली असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक. ‘महल’ मध्येच राजकुमारी आणि जोहराबाई या गायिकांचीही गाणी आहेत. एकाच चित्रपटात, एकाच संगीतकाराकडे, जाड-भरदार आवाजांची जुनी पद्धत आणि बारीक, टोकदार आवाजाची नवी पद्धत शेजारी-शेजारी ऐकायला मिळते. तेव्हाचे रेडिओ संच आणि चित्रपटगृहांतले भोंगे खालचे स्वर नीट वाजवत नसत. वरच्या पट्टीतला स्वच्छ आवाज त्यांतून उठून येई. निर्माते शशधर मुखर्जी यांनी जो आवाज ‘फार बारीक’ म्हणून नाकारला, तो यंत्राला मात्र मानवला.

करवीरवासी

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु दोन गोष्टींची नोंद व्हायला हवी.

एक, गुलाम हैदर यांची कथा. मुखर्जींचा नकार, मग गोरेगावच्या फलाटावर सिगारेटच्या डब्यावर ताल धरून ऐकलेले गाणे आणि १९४८ च्या ‘मजबूर’ मधले ‘दिल मेरा तोडा’. कथा खरी आहे आणि स्वतः लताबाई हैदर साहेबांना फार मानत, यात वाद नाही. तरीही तिच्यामुळे असा समज होतो की त्याआधी कोणी त्यांना ओळखलेच नव्हते. १९४६ च्या ‘आप की सेवा में’ या हिंदी चित्रपटात ‘पा लागूं कर जोरी’ हे गाणे त्यांना दत्ता डावजेकर यांनी दिले, आणि दिग्दर्शक होते वसंत जोगळेकर, म्हणजे ‘किती हसाल’ चेच. त्याच वर्षी विनायकरावांच्या ‘सुभद्रा’ मध्ये शांता आपटे यांच्यासारख्या नामवंत गायिका-अभिनेत्रीबरोबर त्या गायल्या. संगीत वसंत देसाई यांचे. मराठी संगीतकारांचे हे लहानसे वर्तुळ नसते, तर हैदर साहेबांच्या कानावर पडेपर्यंत हा आवाज टिकला असता का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दोन, फाळणी. गायिका-अभिनेत्री नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या, तशाच गाणाऱ्या अभिनेत्री खुर्शीदही गेल्या. जागा रिकामी झाली. नूरजहाँ यासुद्धा ‘बेबी नूरजहाँ’ म्हणून लहानपणापासून गात आलेल्या होत्या, पण त्या साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पडद्यावरही दिसत राहिल्या. लताबाईंनी चेहरा बाजूला ठेवून केवळ आवाजावर उभे राहायचे ठरवले. सुरुवातीच्या लताबाईंच्या गाण्यात नूरजहाँची छाप स्पष्ट ऐकू येते, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

रसिका_श्रोती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘कंपनीचा कलाकार’ आणि ‘कोणाचाच नसलेला कलाकार’ हा भेद मला नवीन आहे. एक उपप्रश्न विचारते. गाणाऱ्या लहान मुलांचा आवाज वयात येताना बदलतो, आणि मुलग्यांमध्ये तो बदल जास्त असतो असे ऐकले आहे. लताबाईंच्या बाबतीत हा अडथळा आला नसावा. मग बालपणीचे कौतुक पुढे टिकते की नाही, हे कितपत आवाजावर अवलंबून असते?

षड्ज_शिक्षिका

मी अनेक वर्षे मुलांना गाणे शिकवते, म्हणून या एका मुद्द्यावर लिहिते.

मुलग्यांचा आवाज वयात येताना सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींचा आवाजही बदलतो, पण दोन-तीन स्वरांइतकाच, आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखा पोकळपणा येतो. त्यामुळे मुलीला पूर्वीचीच गाणी किंचित खालच्या पट्टीत गात राहता येते. मुलग्याला मात्र जवळजवळ नवे वाद्य हाती घ्यावे लागते. या काळात जबरदस्तीने जुन्याच पट्टीत गायला लावणे गळ्याला घातक असते, हे पालकांना पटवून देणे शिकवण्यापेक्षा अवघड जाते.

मुलग्यांतले सर्वांत मोठे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा तबकड्यांवरच्या मोठमोठ्या गवयांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवत असे आणि त्या जोरावर गावोगावी त्याचे जलसे होत. पण त्याला पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे ठेवण्यात आले, आणि देवधरांनी नकलेपलीकडचे गाणे म्हणजे काय हे त्याला शिकवले. लताबाईंच्या १९४५ नंतरच्या शिक्षणाचे स्वरूप मला याच जातीचे वाटते. प्रसिद्ध होऊन गेलेल्या मुलाने पुन्हा विद्यार्थी होणे हे दोघांच्याही बाबतीत घडले, फरक इतकाच की कुमारांना ते स्वस्थपणे करता आले आणि लताबाईंना दिवसभर कामावर राबून करावे लागले.

आजच्या संदर्भात सांगायचे, तर २००८-०९ मध्ये झी मराठीवरच्या ‘लिटिल चॅम्प्स’ मधून पुढे आलेली पाचही मुले आज गात आहेत, आणि प्रत्येकाने स्वतःची वेगळी वाट धरली आहे. आर्या आंबेकर चित्रपटगीतांकडे वळल्या, प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन शास्त्रीय-उपशास्त्रीय मैफलींकडे. स्पर्धेत दुसऱ्याची गाजलेली गाणी हुबेहूब गावी लागतात, आणि ध्वनिमुद्रणात असे गाणे गावे लागते जे आधी कोणीच गायलेले नसते. ज्यांनी हा टप्पा ओलांडला त्यांनी मध्ये काही वर्षे शिकण्याला दिली आहेत, असे माझे निरीक्षण आहे.

ध्वनिपट

शेवटचे निरीक्षण अगदी नेमके. नव्या चालीचा पहिला आवाज होण्यासाठी संगीतकाराने गुणगुणलेल्या अर्धवट ओळीतून गाणे काय होणार आहे हे ताडावे लागते. लताबाई गाण्याचे शब्द आधी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून घेत, त्यावर खुणा करत, आणि मगच माईकसमोर उभ्या राहत.

जुनी_तबकडी

‘व्यावसायिक’ या शब्दात नाव आणि पैसा हे दोन्ही येतात, आणि चर्चेत ते अजून आलेले नाहीत. बालकलाकाराचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापत, कारण वय हेच आकर्षण असे. पार्श्वगायिकेचे नाव मात्र नसायचेच. पार्श्वगायन १९३५ च्या ‘धूप छाँव’ पासून सुरू झाले असले, तरी तबकडीवर बऱ्याचदा पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले जाई. ‘आएगा आनेवाला’ च्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे आहे, म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचे नाव. रेडिओवर गाणे लागले आणि श्रोत्यांची पत्रे आली की ही गाणारी कोण. तेव्हा आकाशवाणीला ध्वनिमुद्रिका कंपनीकडे चौकशी करून नाव सांगावे लागले.

पुढच्या काळात त्यांनी या बाबतीत जो ताठरपणा दाखवला तो अनेकांना अहंकार वाटतो. फिल्मफेअरच्या पुरस्कारांत गायकांसाठी स्वतंत्र विभाग नाही, म्हणून त्या समारंभात ‘रसिक बलमा’ गाण्यास त्यांनी नकार दिला. विभाग सुरू झाला आणि पहिला पुरस्कार ‘मधुमती’ मधल्या ‘आजा रे परदेसी’ साठी त्यांनाच मिळाला. गायकांना रॉयल्टी मिळावी या आग्रहावरून साठच्या दशकात मोहम्मद रफींशी मतभेद झाले आणि काही वर्षे दोघांची द्वंद्वगीते बंद राहिली. रफींचे म्हणणे असे की गाण्याचे मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला. बाराव्या-तेराव्या वर्षापासून दुसऱ्याच्या कंपनीत पगारावर राबलेल्या व्यक्तीला ते मान्य होणे शक्य नव्हते, आणि या वादात माझी बाजू लताबाईंची आहे. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने कलावंताच्या रॉयल्टीचा हक्क मान्य केला, तोवर अर्धे शतक उलटून गेले होते.

रसिकाताई, प्रत्यक्ष ऐकून पडताळायचे असेल, तर ‘नटली चैत्राची नवलाई’, ‘पा लागूं कर जोरी’, ‘दिल मेरा तोडा’ आणि ‘आएगा आनेवाला’ ही चार गाणी याच क्रमाने, एका बैठकीत ऐकावीत. पहिल्यात नाट्यगीताची सवय असलेली मुलगी शब्दाला जोर देताना ऐकू येते, तिसऱ्यात नूरजहाँचा लहेजा आहे, आणि चौथ्यात हे दोन्ही जवळजवळ गळून पडले आहे. दुसऱ्या गाण्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे : १९४६ सालचे, फारसे न गाजलेले, आणि तरीही ती जागा जिथे गळ्याने वळण घेतले असे मला वाटते. जुन्या मुद्रणातली खरखर काढून टाकलेली आवृत्ती शक्यतो टाळावी, कारण खरखरीबरोबर श्वासही पुसला जातो, आणि आपल्याला तोच ऐकायचा आहे.